परदेशातील पत्रकाराच्या हत्येचा ठाण्यात निषेध : आधी ऐकणारा ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातील पंधरा-वीस जणांच्या एका अभ्यासगटाला, परदेशात नुकत्याच मारल्या गेलेल्या एका कार्यकर्त्या पत्रकारासाठी येत्या रविवारी संध्याकाळी तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठावर, निषेधाचा कार्यक्रम घ्यायचा आहे. परवानगी कोणाकडे मागायची, त्या देशाच्या मुंबईतील वाणिज्य दूतावासासमोर जाता येईल का, आणि इतक्या लांबच्या घटनेवर ठाण्यात उभे राहून काही साध्य होते का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. गेली पंचवीसेक वर्षे ठाणे आणि नवी मुंबईत अशा कार्यक्रमांचे अर्ज लिहिण्याचे आणि ते पार पाडण्याचे काम मी करत आलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो. मृत व्यक्तीचे नाव आणि देश मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे, म्हणजे इतरांनाही याचा उपयोग होईल.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर ठरल्याशिवाय पहिले दोन सुटत नाहीत. असा निषेध ऐकणारे तिघे असतात : मारल्या गेलेल्या पत्रकाराचे त्या देशातील सहकारी आणि कुटुंबीय, आपले परराष्ट्र मंत्रालय, आणि तलावपाळीवर फिरायला आलेला ठाणेकर. हत्येचा आदेश देणारा माणूस या तिघांत नाही. त्याला ठाण्यातल्या घोषणा ऐकू जात नाहीत. तरीही बहुतेक फलक नेमके त्यालाच उद्देशून लिहिलेले असतात आणि मग कार्यक्रम संपल्यावर कार्यकर्त्यांना आपण हवेत ओरडून आलो असे वाटू लागते. माझ्या मते या तिघांतला पहिला ऐकणारा सर्वांत महत्त्वाचा आहे. त्या देशातल्या सहकाऱ्यांपर्यंत तुमची कृती पोहोचली, त्यांना ती उपयोगी पडली आणि तिने त्यांचे नुकसान केले नाही, तर कार्यक्रम झाला असे मी म्हणतो.

नुकसान कसे होऊ शकते, याचे एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. इंडिमीडिया या स्वयंसेवी वार्ताजाळ्यासाठी काम करणारा अमेरिकन कार्यकर्ता-पत्रकार ब्रॅड विल २७ ऑक्टोबर २००६ रोजी मेक्सिकोतील वाहाका येथे चित्रीकरण करत असताना गोळी लागून मारला गेला. तो ३६ वर्षांचा होता आणि गोळी लागली त्या क्षणी त्याचा कॅमेरा सुरू होता. तेथे मे महिन्यापासून शिक्षकांचा संप सुरू होता, त्याचे रूपांतर राज्याच्या गव्हर्नरने पायउतार व्हावे या मागणीच्या मोठ्या आंदोलनात झाले होते, आणि त्या काळात कित्येक स्थानिक माणसेही मारली गेली होती, ज्यांची नावे बाहेर फारशी कोणी घेतली नाहीत. एक परदेशी माणूस मेल्यावर मात्र जगाचे लक्ष गेले, न्यूयॉर्कमधील मेक्सिकन वाणिज्य दूतावासासमोर निदर्शने झाली, आणि दोनच दिवसांत मेक्सिकोच्या केंद्र सरकारने शांतता प्रस्थापित करण्याच्या नावाखाली वाहाकात संघीय पोलीस घुसवले. म्हणजे ज्या आंदोलनाची बाजू दाखवताना तो मेला, तेच मोडून काढण्याचे निमित्त त्याच्या मृत्यूचे करण्यात आले. पुढे २००८ मध्ये आंदोलनाच्या बाजूच्याच एका स्थानिक माणसाला हत्येच्या आरोपाखाली अटक झाली. विलच्या कुटुंबीयांनीच त्या अटकेवर आक्षेप घेतला, आणि २०१० मध्ये तो माणूस सुटला. ‘मारेकऱ्याला शिक्षा करा’ म्हणणाऱ्यांवर ‘याला सोडा’ म्हणण्याची वेळ आली.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की फलकावर ‘फाशी द्या’ लिहू नका. आपल्याकडे ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की रंगवणारा मुलगा विचारल्याशिवाय तेच लिहितो. ज्या राज्ययंत्रणेवर संशय आहे, तिच्याच हाती फाशीची मागणी सोपवणे म्हणजे तिला एखादा बळीचा बकरा शोधायला मोकळीक देणे होय. त्याऐवजी स्वतंत्र तपासाची, पुरावे जतन करण्याची आणि साक्षीदार व सहकारी पत्रकारांच्या संरक्षणाची मागणी करावी. तीसुद्धा तेथील सहकाऱ्यांनी काढलेल्या निवेदनातून शब्दशः उचलावी. त्यांनी निवेदन काढले नसेल, तर त्यांच्या संघटनेला दोन ओळींचा ई-मेल पाठवून विचारावे : आम्ही ठाण्यात कार्यक्रम घेत आहोत, तुमची मागणी काय आहे, आणि कोणती गोष्ट आम्ही बोलू नये? उत्तर यायला दोन दिवस लागतील. मी तर म्हणेन, त्यासाठी रविवार हुकला तरी हुकू द्या.

तपशील तपासण्याची शिस्त मला एका चुकीतून लागली. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही घाईघाईने घेतलेल्या एका कार्यक्रमात मोठ्या फलकावर जो चेहरा छापला, तो मृत पत्रकाराचा नव्हताच, त्याच आडनावाच्या दुसऱ्या एका हयात पत्रकाराचा होता. समाजमाध्यमावरून उचललेला फोटो कोणी तपासला नव्हता, कारण प्रत्येकाला वाटले की दुसऱ्याने तपासला असेल. तेव्हापासून नाव, छायाचित्र, मृत्यूची तारीख, ठिकाण आणि वृत्तसंस्था या पाच गोष्टी दोन स्वतंत्र ठिकाणी पडताळल्याशिवाय मी छपाईला काहीच देत नाही. नाव देवनागरीत कसे लिहायचे, हे त्या भाषेच्या जाणकाराकडून किंवा त्या देशातील बातमीपत्राची ध्वनिफीत ऐकून ठरवावे. इंग्रजी अक्षरांवरून वाचले की नावाचे भलतेच काहीतरी होते. मृत्यूची परिस्थिती अजून स्पष्ट नसेल, तर फलकावर जे निश्चित आहे तेवढेच लिहावे. ‘वार्तांकन करताना गोळी लागून मृत्यू’ हे सत्य असेल, तर तेवढे पुरेसे असते, आणि पुढे तपासात काही वेगळे निघाले तरी तुम्हाला मान खाली घालावी लागत नाही.

आता दूतावासाचे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणत्याही देशाचा मोठा वाणिज्य दूतावास नाही. ते मुख्यतः दक्षिण मुंबईत आणि वांद्रे-कुर्ला संकुलात आहेत, आणि राजदूत दिल्लीत असतो. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार वाणिज्य दूतावासाच्या वास्तूचे आणि तिच्या प्रतिष्ठेचे रक्षण करणे ही यजमान देशाची जबाबदारी असते, त्यामुळे तेथे पोलीस साहजिकच कडक असतात. शिवाय मुंबईत निदर्शनांसाठी आझाद मैदानाचा राखीव भाग ठरवून दिलेला आहे. वीस माणसे घेऊन लोकलने तेथवर जायचे, दारापासून दोनशे मीटरवर गाडीत बसवले जायचे आणि संध्याकाळी सुटून परत यायचे, याचा अनुभव घेण्यासारखा असला तरी त्यातून पत्र मात्र पोहोचत नाही. पत्र पोहोचवायचे असेल, तर महावाणिज्यदूतांच्या नावे स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा.

परवानगीबाबत बराच गोंधळ असतो. संविधानाच्या कलम १९(१)(ख) नुसार शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क नागरिकांना आहे, आणि सार्वजनिक रस्त्यांवरील सभांचे पोलीस नियमन करू शकतात, पण सरसकट मनाई करू शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने हिम्मतलाल शहा प्रकरणात १९७२ मध्येच स्पष्ट केले आहे. व्यवहारात मात्र आयुक्तालयाच्या क्षेत्रात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खालील मनाई आदेश वरचेवर निघत असतात. असा आदेश एका वेळी पंधरा दिवसांचा असतो. पाच किंवा अधिक माणसांनी विनापरवानगी जमण्यास त्यात बहुधा बंदी असते आणि त्याचा भंग कलम १३५ खाली गुन्हा ठरतो. तुमच्या कार्यक्रमाची तारीख त्या पंधरवड्यात येते का, हे आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

अर्ज ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत जागा आहे, तेथील वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे करावा. तलावपाळीच्या आसपास हद्दी लगेच बदलतात, म्हणून नेमक्या कोपऱ्याचे नाव सांगून हद्द आधी विचारावी, नाहीतर अर्ज दोन ठाण्यांच्या मध्ये फिरत राहतो. अर्जाची एक प्रत संबंधित पोलीस उपायुक्तांना आणि एक वाहतूक शाखेला द्यावी, आणि आपल्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घेतल्याशिवाय तेथून हलू नये. अर्जात हेतू एका वाक्यात, जागा, सुरुवातीची आणि समाप्तीची वेळ, अपेक्षित संख्या, ध्वनिक्षेपक आहे की नाही, आणि दोन जबाबदार व्यक्तींची नावे व दूरध्वनी असावेत. संख्या फुगवू नका. वीस येणार असतील तर वीसच लिहा. दोनशे लिहिले की बंदोबस्ताचा प्रश्न उभा राहतो आणि नकाराला कारण मिळते. एक-दोन दिवसांत गोपनीय शाखेच्या कर्मचाऱ्याचा फोन येईल. तो घाबरवायला करतो असे नाही, त्याला वर अहवाल द्यायचा असतो. त्याच्याशी सरळ बोलावे. ‘तिकडे कुठेतरी झाले, त्याचे इथे काय?’ हा त्याचा ठरलेला प्रश्न असतो, आणि त्यावर वाद घालण्यापेक्षा छापील पत्रक त्याच्या हाती द्यावे. अटी-शर्तींचे पत्र अनेकदा आदल्या संध्याकाळी मिळते, तोवर जीव टांगणीला लागतो, हे गृहीत धरूनच चालावे. नकार आला तर तो लेखी मागावा. तोंडी ‘नका करू’ हा नकार नसतो, पण परवानगीही नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खालची, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून पोलीस आधीच देतात ती, नोटीस हाती पडली, तर ती घ्यावी, वाचावी आणि वकिलाला दाखवावी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलमावरून जुनी माणसे तिला अजून ‘एकशे एकोणपन्नासची नोटीस’ म्हणतात.

परराष्ट्रातील घटनेवरील निदर्शनांबाबत मुंबईत घडलेले एक अलीकडचे प्रकरण माहीत असायला हवे. गाझाच्या प्रश्नावर आझाद मैदानात निदर्शने करण्यास पोलिसांनी परवानगी नाकारली, तेव्हा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष उच्च न्यायालयात गेला. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली आणि आपल्या देशातल्या प्रश्नांकडे पाहा, अशा अर्थाची टिप्पणीही केली. त्यावर बरीच टीका झाली. पुढच्याच महिन्यात पोलिसांनी परवानगी दिली आणि निदर्शने झाली. मला यात टिप्पणीइतकाच दुसरा एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो : परवानगीचा अर्ज एका संघटनेचा होता आणि याचिका पक्षाची होती, आणि ही विसंगती न्यायालयाने दाखवून दिली. म्हणून ज्याच्यावर पुढे दाद मागण्याची वेळ येऊ शकते, त्याच्याच नावाने अर्ज करावा. तुमचा अभ्यासगट नोंदणीकृत नसेल, तर दोन व्यक्तींच्या नावाने करावा.

जागेबाबत माझे मत तुमच्यापेक्षा थोडे वेगळे आहे. रविवारी संध्याकाळी मासुंदा तलावाभोवती पाय ठेवायला जागा नसते. खाऊच्या गाड्या, नौकाविहाराची रांग, गडकरी रंगायतनला नाटकासाठी येणारी मंडळी, आणि त्यात तुमचे वीस जण. तेथे माणसे भरपूर दिसतील, पण थांबणारी फार थोडी असतील. रविवारी सकाळी साडेसात ते नऊ या वेळेत तोच काठ वेगळा असतो. फिरायला आलेला माणूस थांबतो, वाचतो, प्रश्न विचारतो. स्टेशनजवळ सॅटिसखाली, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उन्नत बस-मार्गाखाली, उभे राहण्याचा मोह टाळावा. तेथे गर्दीला अडथळा होतो, लोक वैतागतात आणि पोलिसांना हटवण्याचे रास्त कारण मिळते. कोर्ट नाक्यावर जिल्हाधिकारी कार्यालय आहे म्हणून अनेकांना ती जागा सुचते. परंतु न्यायालयापासून शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असल्याने ध्वनिक्षेपक चालणार नाही, आणि शनिवार-रविवारी निवेदन घ्यायला कार्यालयात कोणी नसते. नवी मुंबईकरांसाठी वाशीचा शिवाजी चौक वर्दळीचा आहे. बेलापूरला कोकण भवनाजवळ कार्यालयीन दिवशी दुपारी उभे राहिलात, तरच काही अर्थ. पाऊस किंवा मनाई आदेश आडवा आला, तर सरळ एखाद्या सभागृहात शोकसभा घ्यावी आणि पोलिसांना तशी माहिती द्यावी. त्यात कमीपणा मानू नये.

कार्यक्रमात काय करावे, यावर मी आता ठाम झालो आहे. घोषणा पाच मिनिटे, भाषण एकच आणि तेही दहा मिनिटांच्या आत, आणि उरलेल्या वेळात त्या पत्रकाराचे स्वतःचे वार्तांकन मराठीत वाचून दाखवावे. ज्या मजकुरामुळे माणूस मारला गेला, तो ठाण्यात चार लोकांच्या कानी पडणे, याहून सरळ उत्तर मला सुचत नाही. त्यासाठी दोन-तीन बातम्या किंवा लेखांतील निवडक परिच्छेदांचा अनुवाद करावा, मूळ भाषा जाणणाऱ्याकडून तो तपासून घ्यावा, आणि वाचणारा बदलत ठेवावा. एखादे गाव, एखादी खाण, जमिनीचा सौदा, पोलिसांनी नोंदवून न घेतलेली तक्रार, असे तपशील निघाले की ऐकणाऱ्याला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही; रायगड-रत्नागिरीत गाव असलेला ठाणेकर लगेच मान डोलावतो. मेणबत्त्यांचा आग्रह धरू नका. तलावावरच्या वाऱ्यात त्या टिकत नाहीत आणि अर्धा कार्यक्रम काड्या पेटवण्यात जातो. पुतळा किंवा कोणत्याही देशाचा ध्वज जाळणे तर पूर्ण टाळावे. त्या देशाच्या लोकांसोबत उभे राहण्यासाठी आलो आहोत आणि तो ध्वज त्यांचाही आहे.

‘आपल्याकडचे पत्रकार मेले तेव्हा तुम्ही कुठे होता?’ हा प्रश्न तलावपाळीवर निश्चित येणार. तो विचारणाऱ्याचा हेतू काहीही असो, प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच फलकावर असावे. ज्योतिर्मय डे यांची ११ जून २०११ रोजी पवईत गोळ्या झाडून हत्या झाली, आणि दोषींना शिक्षा व्हायला मे २०१८ उजाडला. गौरी लंकेश यांना ५ सप्टेंबर २०१७ रोजी बेंगळुरूत त्यांच्या घराच्या दारात मारण्यात आले. प्रस्तावित रिफायनरीबद्दल लिहिणारे राजापूरचे शशिकांत वारिशे यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये वाहनाखाली चिरडण्यात आले. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २०१७ चा आहे, तरी वारिशे यांच्याबाबत हे घडले. ही नावे परदेशी सहकाऱ्याच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात लिहावीत. मात्र कार्यक्रमाचा रोख तेवढ्याने बदलू देऊ नये. एखादा स्थानिक वक्ता बोलता बोलता महापालिकेच्या राजकारणावर घसरतो आणि ज्याच्यासाठी जमलो त्याचे नाव शेवटची वीस मिनिटे कोणी घेत नाही, असे मी पाहिले आहे. सूत्रसंचालकाने अशा वेळी भीड बाळगू नये.

दोन सावधगिऱ्या थोडक्यात सांगतो. त्या देशाचे विद्यार्थी किंवा नोकरदार तुमच्या ओळखीचे असतील, तर त्यांना फलक धरायला बोलावू नका. एकत्र जमण्याचा कलम १९ मधील हक्क नागरिकांपुरता आहे, आणि व्हिसावर राहणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागू शकते. २०२० मध्ये कोलकात्यात शिकणाऱ्या एका पोलिश विद्यार्थ्याला एका निदर्शनातील उपस्थितीवरून देश सोडण्याची नोटीस आली होती. कलकत्ता उच्च न्यायालयाने ती रद्द केली, पण तोवर त्याचे काय झाले असेल याचा विचार करावा. शिवाय त्यांचे कुटुंब मायदेशी असते, म्हणून गर्दीचे छायाचित्र टाकताना त्यांचे चेहरे त्यात नाहीत ना, हे पाहावे. दुसरे म्हणजे, परदेशातील एखाद्या समविचारी संस्थेने खर्चासाठी पैसे पाठवतो म्हटले, तर आभार मानून नकार द्यावा; परकीय योगदान नियमन कायदा, २०१० याबाबत कडक आहे, आणि वीस जणांच्या वर्गणीत दोन फलक आणि पत्रके सहज होतात.

आता पुढचे, जे बहुतेक जण विसरतात. माल्टामध्ये डाफ्ने कारुआना गालिझिया या पत्रकाराला १६ ऑक्टोबर २०१७ रोजी गाडीत बॉम्ब ठेवून मारण्यात आले. त्यानंतर व्हॅलेटातील एका स्मारकाच्या पायथ्याशी लोक फुले आणि मेणबत्त्या ठेवू लागले, सरकार ती हटवत राहिले, लोक पुन्हा ठेवत राहिले, आणि दर महिन्याच्या १६ तारखेला तेथे जमत राहिले. अखेर जानेवारी २०२० मध्ये तेथील न्यायालयाने असे हटवणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग असल्याचे सांगितले. आपल्याकडे हीच पद्धत आपल्या लोकांनी स्वतःच शोधून काढली होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यावर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला पुण्यात हत्या झाली त्याच पुलावर जमत राहिले, आणि गोविंद पानसरे यांच्या हत्येनंतर कोल्हापुरात निर्भय मॉर्निंग वॉक सुरू झाला. दाभोलकर खटल्यातील दोघांना जन्मठेप झाली ती १० मे २०२४ रोजी. एका रविवारचा कार्यक्रम करून थांबणार असाल, तर तसे आधीच मान्य करून घ्या. पण शक्य असेल तर वर्षातल्या दोन तारखा धरून ठेवा, हत्येचा दिवस आणि २ नोव्हेंबर. माली येथे २०१३ मध्ये मारल्या गेलेल्या दोन फ्रेंच पत्रकारांच्या आठवणीत, पत्रकारांवरील गुन्ह्यांना मिळणारे अभय संपवण्यासाठी, संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस ठरवला आहे. त्या दिवशी पाच जणही जमू नयेत असा आदेश असेल, तर चौघांनी जावे.

सोमवारचे काम रविवारइतकेच महत्त्वाचे आहे. चार जणांचे शिष्टमंडळ कार्यालयीन वेळेत जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन परराष्ट्रमंत्र्यांच्या नावे, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, एका पानाचे निवेदन देईल. त्यात मागणी एकच : भारत सरकारने त्या देशाच्या सरकारकडे स्वतंत्र तपासाचा आग्रह धरावा. बहुधा निवासी उपजिल्हाधिकारी ते घेतील, शिक्का मारतील, आणि चहा विचारतील किंवा विचारणार नाहीत. त्याच दुपारी त्या शिक्क्याच्या प्रतीचा फोटो, वाचलेल्या अनुवादाची प्रत, किती माणसे जमली त्याचा खरा आकडा आणि तलावाकाठचे एक छायाचित्र, एवढे त्या देशातल्या सहकाऱ्यांना ई-मेलने पाठवा. ठाणे कुठे आहे, हे एका ओळीत लिहायला विसरू नका; त्यांना ते माहीत नसते.